एसी काही महिने बंद ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उकाडा सरला की एसीचं शेवटचं बटण कधी दाबलं हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. मग काही महिन्यांनी पहिल्या तापलेल्या दुपारी तो लावावा, तर कुबट वास येतो, भिंतीवरून पाणी ओघळतं किंवा बाहेरचं युनिट घरघरत राहतं. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ आदल्या मोसमाच्या शेवटच्या दिवसात असतं. त्या दिवशी दोन-चार तास दिले तर पुढचा मोसम सुखाचा जातो, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

एसी चालूच नाही, तर तो बिघडेल कसा?

आत राहिलेल्या ओलीमुळे. बाकी कारणं आहेत, पण ती हिच्या मागे.

एसी खोली गार करतो तेव्हा आतल्या युनिटमधली कॉइल दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही थंड असते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तिलाही फुटतो. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एखाद-दोन लिटर पाणी सहज काढतो. हे पाणी ट्रेमध्ये पडून ड्रेन पाइपने बाहेर जातं, पण सगळं जात नाही. कॉइलच्या बारीक पत्र्यांमध्ये थेंब अडकतात, ट्रेच्या तळाशी थोडं साचतं, ब्लोअरच्या पात्यांवर ओलसर धूळ चिकटलेली असते. एसी रोज चालतो तोवर ते खपून जातं. तो बंद झाला की अंधार, ओल आणि धूळ तिन्ही एका बंद डब्यात महिनोन्‌महिने सापडतात. बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

एसीचा जन्मच मुळी दमटपणा घालवण्यासाठी झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी आधुनिक एसीची पहिली आखणी केली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. हवेतल्या ओलाव्याने तिथला कागद फुगत-आखडत असे आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नसत. हवेतलं पाणी ओढून घेणारं हे यंत्र आपण बंद करताना ते पाणी त्याच्या पोटातच ठेवतो, एवढं लक्षात घेतलं तरी पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुचतात.

मग आतलं युनिट सुकवायचं कसं?

कोरडी हवा असलेला दिवस निवडा. एसी फॅन मोडवर टाका, पंख्याचा वेग मोठा ठेवा आणि किमान ३-४ तास चालू द्या. हवा दमट असेल तर अर्धा दिवस चालवा. या मोडमध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद असतो आणि नुसता ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, फिरतो, त्यामुळे खोलीतली साधी हवा कॉइलवरून जात राहते आणि ओल निघून जाते. खोलीची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर निघालेली वाफ त्याच खोलीत घुटमळते. बाहेर पाऊस असेल तर मात्र खिडकी उघडून उपयोग नाही, दिवसच बदला.

थांबवण्यापूर्वी टॉर्च घेऊन झडपांमधून आत पाहा. ब्लोअरवर चकाकणारे थेंब दिसता कामा नयेत, आणि बाहेर येणाऱ्या हवेला ओल्या मातीसारखा वास नसावा.

रिमोटवर ड्राय मोड आहे. सुकवायचं तर तोच लावायचा ना?

नाही. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि दोष नावाचा आहे. ड्राय मोड खोलीतली हवा कोरडी करतो, यंत्र कोरडं करत नाही. त्यात कॉम्प्रेसर चालतो, कॉइल गार होते आणि तिच्यावर आणखी पाणी धरतं. म्हणजे तासभर ड्राय मोड लावून लगेच एसी बंद केला, तर आपण त्याला ओला करूनच झोपवला. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चित्र असतं तो ड्राय मोड, पंख्याचं चित्र असतं तो फॅन मोड. आपल्याला पंखा हवा.

माझ्या रिमोटवर फॅन मोड नाही.

कूलिंगवर ठेवून तापमान सर्वांत वर, म्हणजे ३० अंशांवर किंवा जिथवर जाईल तिथवर न्या. खोली त्याहून गार असली की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि पंखा फिरत राहतो. बाहेरचं युनिट शांत आहे ना, एवढं ऐकून खात्री करा.

एसीत ऑटो क्लीनची सोय आहे. तेवढी पुरे नाही का?

रोजच्या वापरात ती फार कामाची आहे, चालू असेल तर बंद करू नका. कूलिंग थांबल्यावर ती काही मिनिटं पंखा फिरवून कॉइल कोरडी करते. पण काही महिन्यांच्या विश्रांतीआधी तेवढी काही मिनिटं पुरत नाहीत. काही मॉडेलमध्ये या सोयीत कॉइलवर आधी बर्फ धरवतात आणि मग तो वितळवून धूळ खाली पाडतात. तिने कॉइल स्वच्छ होते, पण बरंच पाणीही सुटतं. म्हणून ऑटो क्लीन आधी लावा आणि फॅन मोड शेवटी.

कामांचा क्रम काय ठेवावा?

पाण्याची कामं आधी, सुकवणं शेवटी. फिल्टर धुणं, ड्रेन साफ करणं, सर्व्हिसिंग करून घ्यायचं असेल तर तेही, हे सगळं उरकून घ्या. मग धुऊन वाळलेले फिल्टर परत बसवून फॅन मोड लावा, आणि त्यानंतर वीज तोडा. मी एकदा नेमकं उलटं केलं होतं. आधी अर्धा दिवस पंखा चालवला, दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंग झालं, कॉइल पाण्याच्या फवाऱ्याने धुतली गेली आणि एसी तसाच बंद केला. पुढच्या मोसमात झडप उघडली तेव्हा ब्लोअरवर काळे ठिपके उठले होते आणि तो पुन्हा खोलून धुवावा लागला. तेव्हापासून सर्व्हिसिंगच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंखा चालतोच.

किती दिवस बंद राहणार असेल तर हे सगळं करायचं?

महिन्याच्या वर. दोन-तीन आठवड्यांसाठी तासाभराचा फॅन मोड आणि एमसीबी, म्हणजे एसीच्या वीजजोडणीचा मुख्य स्विच, बंद, एवढं बस होतं.

फिल्टर कसे धुवावेत?

जाळी काढून आधी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने धूळ झाडा. मग मागच्या, म्हणजे कमी धूळ असलेल्या बाजूने नळाची धार सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर जाते. समोरून जोरात पाणी मारलं तर ती जाळीत आणखी घट्ट बसते. तेलकटपणा असेल तर सौम्य साबण चालेल. पाणी कोमट असावं, ४० अंशांच्या वर नको. वाळवायचं सावलीत, कारण कडक उन्हात जाळीची प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग ती खाचेत नीट बसत नाही.

जाळीच्या मागे एखादी छोटी काळी किंवा पांढरी पट्टी असेल तर ती धुण्याआधी एसीबरोबर आलेली पुस्तिका पाहा. कार्बनच्या आणि बारीक कणांसाठीच्या अनेक पट्ट्या धुण्यासाठी नसतात, त्या बदलाव्या लागतात. आणि फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, ओलसर जाळी कोरड्या युनिटमध्ये ओल घेऊन जाते.

कॉइल घरी धुतली तर चालेल का?

वरवरची धूळ मऊ ब्रशने, पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच, हलक्या हाताने काढा. आडवा हात फिरवू नका. हे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके पातळ असतात, बोट दाबलं तरी वाकतात, आणि वाकलेल्या जागी हवा अडते. त्यापलीकडची धुलाई जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, कारण आतल्या युनिटच्या एका बाजूला सर्किट बोर्ड असतो आणि पाणी तिथे गेलं तर नुकसान मोठं.

व्हिनेगर मारला की बुरशी जाते असं ऐकलं आहे.

ड्रेन पाइपमध्ये चालेल, कॉइलवर नको. व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल. ओलसर हवेत असली सेंद्रिय आम्लं तांब्याला आतल्या आत पोखरतात. नळीच्या भिंतीत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक बिळं पडत जातात, वरून फारसं काही दिसत नाही आणि एक दिवस गॅस गळायला लागतो. घरगुती उपाय सगळेच वाईट नसतात, पण तांब्याच्या नळ्यांवर आम्ल फवारून पुढे ती कॉइल महिनोन्‌महिने बंद ठेवणं हा धोका घेऊ नये. कॉइलसाठी वेगळं क्लीनर मिळतं, त्यावरच्या सूचनांप्रमाणे तेच वापरावं.

ड्रेन पाइपचं काय करायचं?

पाइपच्या बाहेरच्या टोकाखाली बादली ठेवा आणि आतल्या ट्रेमध्ये बाटलीने हळूहळू लिटरभर पाणी सोडा. धार मोकळी पडली तर ठीक. थेंबथेंब आली किंवा मागे तुंबली तर आत शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला आहे. मग व्हॅक्यूम क्लीनर ओलं ओढणारा असेल तर बाहेरच्या टोकाला लावून ओढून घ्या, नाहीतर थोडं व्हिनेगर घातलेलं पाणी अर्धा तास ठेवून साध्या पाण्याने भरपूर धुवा.

नळी कुठे झोळ खाऊन लोंबत असेल तर तेवढ्या भागात पाणी उभं राहतं. तिला उतार मिळेल अशी बांधून घ्या. टोकाला बारीक जाळी लावली तर किडे आत शिरत नाहीत, मात्र ती पुढच्या मोसमात काढायची किंवा साफ करायची आठवण ठेवा. विसरलेली जाळी बोळ्याचंच काम करते.

सर्व्हिसिंग आता करावं की सुरू करताना?

एकदाच करणार असाल तर आता. मोसमभराची धूळ ओल्या कॉइलवर चिकटलेली असते. ती आज धुतली तर सहज निघते, काही महिने वाळून बसली की तिचा लेप होतो. शिवाय मोसम संपतानाच एसीच्या तक्रारी आपल्याला ताज्या आठवतात: कुठला आवाज येत होता, कधी पाणी गळलं, खोली गार व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागत होता का. त्या लिहून ठेवून मेकॅनिकला दाखवा. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला त्यातलं निम्मं आठवत नाही, आणि तेव्हा मेकॅनिकलाही उसंत नसते.

बंद करताना गॅस काढून ठेवावा का? आणि नव्या मोसमात भरावा लागतो का?

दोन्हीची गरज नाही. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. यंत्रणा नीट असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नुसता भरणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं. दरवर्षी गॅस भरावाच लागतो असं कुणी सांगितलं तर गळती कुठे आहे ते आधी विचारा.

एसी काढून दुसऱ्या जागी न्यायचा असेल तेव्हा मात्र गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडतात. त्याला पंप डाउन म्हणतात. ते जाणकाराचंच काम. गॅस हवेत सोडून देणं तर कधीच नको. एसीत वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो. आर-३२ हा एसीतला दुसरा गॅस त्या मानाने बराच सौम्य, पण तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून त्यात घरी हात घालू नये.

बाहेरचं युनिट झाकावं का?

झाकावं, पण गुंडाळू नये. बाहेरचं युनिट ऊन-पाऊस सोसेल असंच बनवलेलं असतं. त्याला धोका असतो तो वरून पडणाऱ्या पानांचा, फांद्यांचा, बर्फाचा आणि वरच्या मजल्यावरून येणाऱ्या कचऱ्याचा. यासाठी वरच्या बाजूला फळी किंवा टोपीसारखं आच्छादन आणि त्यावर घट्ट पट्टा, एवढं पुरतं. बाजू मोकळ्या राहू द्या.

चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर दिवसा आत वाफ धरते, रात्री तिचं पाणी होतं आणि पत्रा, स्क्रू, कॉइल सगळं ओलं राहून गंजतं. वर उंदरांना वारा-पावसापासून सुरक्षित घर मिळतं ते वेगळंच. ते वायरींचं आवरण आणि नळ्यांवरचा फोम कुरतडतात. पूर्ण झाकायचंच असेल तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या.

झाकण्याआधी युनिट धुवा. एमसीबी बंद करून बागेच्या नळीच्या साध्या धारेने धूळ उतरवा. प्रेशर वॉशर नको, पत्रे झोपतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर ही धुलाई चुकवूच नये, पत्र्यांवर बसलेला क्षार हवेतली ओल धरून ठेवतो आणि गंज चालूच राहतो. विजेच्या जोडणीचं झाकण उघडू नका, वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, भार शिल्लक असतो आणि त्याचा झटका जबर असतो.

पाली, मुंग्या आणि पक्ष्यांचा बंदोबस्त कसा करायचा?

भिंतीतून नळ्या जिथे आत येतात ते भोक पाहा. तिथली पुट्टी वाळून पडलेली असते आणि किडे-पाली त्याच वाटेने ये-जा करतात. नवी पुट्टी भरा. तांब्याच्या नळीवरचा फोम फाटला असेल तर तोही आताच बदलून घ्या, नाहीतर पुढच्या मोसमात तिथून पाणी ठिबकेल. पाल सर्किट बोर्डावर चढून दोन टोकं जोडली गेली तर बोर्ड जळतो, म्हणून हे काम किरकोळ समजू नये.

एमसीबी बंद करावा की नुसता रिमोट पुरे?

एमसीबी बंद करा. स्टॅबिलायझर असेल तर तोही. रिमोटने बंद केलेला एसी आदेशाची वाट पाहत थोडी वीज घेतच असतो. पण त्याहून मोठं कारण आहे वीज कडाडताना किंवा पुरवठा परत येताना होणारा दाबाचा चढउतार. बोर्ड त्यात जातो, आणि एसी वापरात नसताना तो धोका पत्करण्याचं कारणच नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: ज्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरचं तेल कोमट ठेवणारा हीटर असतो त्याच्या पुस्तिकेत वेगळी सूचना असू शकते. ती पाळावी.

रिमोट?

सेल काढून ठेवा. जुने सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. रिमोट आणि पुस्तिका एकाच पिशवीत, एसीच्याच खोलीत ठेवा.

अधूनमधून चालवत राहावा का?

दमट हवेच्या महिन्यांत महिन्यातून एकदा तासभर फॅन मोड लावणं चांगलं, हवा खेळती राहते. कूलिंग मात्र बाहेर थंडी असताना लावू नका. कमी तापमानात गॅसचं पुरतं बाष्प होत नाही, कॉइलवर बर्फ धरू शकतो आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचला तर त्याचे भाग तुटू शकतात. किती अंशांखाली कूलिंग चालवायचं नाही ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बाहेर १६ अंशांखाली असेल तर मी तरी हात लावत नाही.

आम्ही हाच एसी थंडीत हीटर म्हणून वापरतो.

मग त्याला विश्रांतीचा मोसमच नाही. बाहेरचं युनिट अजिबात झाकू नका, कारण ते बाहेरच्याच हवेतून उष्णता गोळा करतं. कूलिंगचे दिवस संपले की फिल्टर धुवा, आतलं युनिट फॅन मोडवर सुकवा आणि मग हीटिंग सुरू करा. धूळ तशीच राहिली तर पहिल्या दिवशी ती तापून जळकट वास येतो.

विंडो एसी काढून ठेवावा का?

जागेवर ठेवायचा असेल तर बाहेरून वरची बाजू झाका, आतून फटी बंद करा आणि हवा आत-बाहेर करणारी छोटी झडप बंद आहे ना ते पाहा. काढायचा असेल तर दोघांनी मिळून काढा, तो दिसतो त्याहून जड असतो. तळातलं पाणी आधी ओता. ठेवताना खिडकीत बसतो तसाच सरळ ठेवा. आडवा केला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये शिरतं. चुकून आडवा झालाच, तर पुन्हा सरळ करून २४ तास थांबा आणि मगच चालू करा. चाकांवरचा पोर्टेबल एसी असेल तर खालचं बूच उघडून टाकी रिकामी करा आणि लवचिक नळी सुटी करून वाळवा.

नव्या मोसमात पहिल्यांदा लावताना काय पाहावं?

सुरुवात बाहेरून करा. आच्छादन काढलं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, झाकलेलं युनिट चालू केलं तर उष्णता कोंडून कॉम्प्रेसर तापतो. पंख्याच्या जाळीत घरटं आहे का बघा. असेल आणि त्यात पिल्लं असतील तर त्यांचे थोडे दिवस निघू द्या.

मग एमसीबी चालू करून लगेच कूलिंग लावू नका. बंद काळात, विशेषतः थंडीत, गॅसचा काही भाग कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो. तेल कोमट ठेवणारा हीटर असलेल्या युनिटला काही तास आधी वीज द्यावी लागते, किती ते पुस्तिका सांगते. इतरांनी निदान खिडक्या उघड्या ठेवून १५-२० मिनिटं फॅन मोड चालवावा.

त्यानंतर कूलिंग लावा, तापमान २४-२५ अंशांवर. वीसेक मिनिटांनी साधा थर्मामीटर घेऊन आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर कूलिंग ठीक आहे. बराच कमी असेल तर आधी फिल्टर पाहा, मग बाहेरची कॉइल, आणि तरीही सुधारलं नाही तर गळती तपासायला सांगा. ड्रेनमधून पाणी पडू लागलं का, तेही बघा. हवा दमट असताना अर्ध्या-पाऊण तासात ते दिसायला हवं. जळक्या प्लास्टिकचा वास आला किंवा एमसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नका, तसाच बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.